गाण्याला कारण लागतं का?

मंडळी, खराडीसारख्या नव्या वस्तीत जुन्या गाण्यांवर बोलायचं, तर आधी तरुणांचा नेहमीचा प्रश्न घेऊ: ‘चांगली बोलणारी माणसं मध्येच गायला का लागतात?’ प्रश्न रास्त आहे. पण गंमत अशी, की संगीत नाटक पाहताना तो कोणी विचारत नसे. १९११ साली ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं. त्यातली भामिनी गायला लागली, की प्रेक्षक ‘वन्समोअर’ देत. कथानक थांबे, गाणं पुन्हा होई. रंगमंच मुळातच खोटा, रंगवलेल्या पडद्यांचा. तिथे गाणं हा दोन्ही बाजूंना मान्य असलेला संकेत होता.

बोलपट आला आणि हा करार मोडला. कॅमेरा खरा रस्ता, खरं झाड दाखवतो. मग तिथलं गाणं खटकतं. शिवाय पडद्याला वन्समोअर देता येत नाही!

हॉलिवूडच्या ऑपेरेटा चित्रपटांनी यावर दोन उपाय काढले. पहिला, देशच काल्पनिक करायचा. लुबिशच्या ‘द लव्ह परेड’मधलं (१९२९) सिल्व्हेनिया नकाशात नाही. तिथली राणी गायली तर हरकत कोण घेणार? दुसरा, गाण्यालाच प्रवासाला पाठवायचं. मामूलियनच्या ‘लव्ह मी टुनाइट’मध्ये (१९३२) पॅरिसच्या शिंप्याचं गाणं गिऱ्हाइकाच्या तोंडी जातं, मग टॅक्सीत, आगगाडीतल्या सैनिकांकडे आणि शेवटी दूरच्या राजकन्येपर्यंत पोचतं. दोघांची भेट व्हायच्या आधी गाणं भेटतं. हे रंगमंचावर कसं जमणार? या चित्रपटांचा गोडवा आहे तो इथे.

आपल्याकडे ‘प्रभात’समोर हाच पेच होता. त्यांचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२). त्याचे नायक आणि संगीतकार गोविंदराव टेंबे नाटक कंपनीतूनच आलेले. पुढे ‘धर्मात्मा’त (१९३५) खुद्द बालगंधर्व एकनाथ झाले. पण प्रभातनं हळूहळू तिसरी वाट धरली: गाण्याला आयुष्यातच कारण शोधायचं. ‘संत तुकाराम’मधले (१९३६) तुकोबा गातात, कारण अभंग हेच त्यांचं बोलणं. ‘कुंकू’त (१९३७) तर पार्श्वसंगीत नाहीच, म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा ग्रामोफोन लावून त्याच्या साथीनं गाते. म्हणजे वाद्यं आली कुठून, याचंही उत्तर पडद्यावरच आहे.

आता बघा, फरक काय झाला? सिल्व्हेनियातलं गाणं आपल्याला जगातून सुटी देतं. नीराचं गाणं त्याच घरात, त्याच अन्यायात उभं राहून म्हटलेलं असतं. मला दोन्ही हवीत. सुटी घेणं हा काही गुन्हा नाही. आणि बंद खोलीतही माणूस गाऊ शकतो, हे कळणंही गरजेचं आहे.

तेव्हा ‘ती का गातात?’ हा प्रश्न जरूर विचारा. फक्त त्याला जोडून आणखी एक विचारा: न गाता त्यांना हे सांगता आलं असतं का?