नदीचा श्वास मोजणारी बाटली

काचेची बाटली, आत जेमतेम ३०० मिलिलिटर पाणी मावतं. बूचही काचेचंच, घासून अगदी चपखल बसवलेलं आणि खालून तिरकं कापलेलं, म्हणजे ते लावताना हवेचा एकही बुडबुडा आत अडकू नये. प्रयोगशाळेत हिला बीओडी बाटली म्हणतात. एखाद्या कारखान्याने नदी नासवली की नाही, महापालिकेच्या केंद्रातून बाहेर पडणारं पाणी खरंच शुद्ध झालं की नाही, याचा मोठा निवाडा या बाटलीत होतो. आणि साक्ष कोण देतं, तर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळासारख्या बलदंड सरकारी यंत्रणेचा शब्द अखेर या सूक्ष्म जिवांच्या श्वासावर उभा आहे, हे पहिल्यांदा नीट उमगलं की माणूस थक्क होतो.

हा श्वास समजून घ्यायला मुंबईत साकीनाक्यासारखी जागा नाही. अंधेरी-कुर्ला रोडवर डोक्यावरून मेट्रो जाते, खाली रिक्षांची रांग हलत नाही, आतल्या गल्ल्यांमध्ये गाळ्याला गाळा लागलेला. कुठे लेथ चालतंय, कुठे प्लेटिंग, कुठे तेलाचे रिकामे ड्रम धुऊन पुन्हा विकायला तयार होतायत. या सगळ्याच्या पाठीमागून मिठी नदी वाहते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यावरून निघायचं, मरोळ, साकीनाका, जरीमरी, बैलबाजार करत, विमानतळाच्या धावपट्टीखालून वाट काढत, वांद्रे-कुर्ला संकुल आणि धारावीच्या कडेने माहीमच्या खाडीला मिळायचं, असा हा १७.८४ किलोमीटरचा प्रवास. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि आपल्या शहरातून एक नदी वाहते हे असंख्य मुंबईकरांना त्या दिवशी कळलं.

आता बाटलीकडे वळू. पाण्यात हवा विरघळते, त्या हवेतल्या प्राणवायूवर मासे, खेकडे, किडे, जिवाणू सगळे जगतात. पण हा साठा किती तुटपुंजा असतो पाहा. मुंबईच्या उबेत, म्हणजे २७ अंश सेल्सिअसला, एक लिटर स्वच्छ पाणी फार तर ८ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकतं. आपण श्वासात घेतो त्या एक लिटर हवेत तो साधारण २७० मिलिग्रॅम असतो. चाळीच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी काठोकाठ भरली, तरी तिच्यातल्या सगळ्या विरघळलेल्या प्राणवायूचं वजन दोन चहाचे चमचे साखरेएवढंच भरेल. पाण्यातली सारी जीवसृष्टी एवढ्याशा पुंजीवर संसार करते.

ही पुंजी मोजण्याची रीत लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये दाखवून दिली, आणि ती आजही वापरात आहे. बाटली भरली की नदीकाठीच तिच्यात मँगनीज सल्फेट आणि मग आयोडाइडचं अल्कली द्रावण सोडायचं, कारण प्रयोगशाळेत नेईपर्यंत पाण्यातला प्राणवायू बदलून जातो. बूच लावून बाटली दोन-चार वेळा उलटीसुलटी केली की आत ढगासारखा साका तयार होतो. पाण्यात प्राणवायू असेल तर तो तपकिरी होतो. जितका प्राणवायू जास्त तितका रंग गडद. आणि प्राणवायू नसेल तर? साका पांढराशुभ्र राहतो. सांडपाण्याने तुंबलेल्या नाल्याच्या पाण्यात पांढरा साका खाली बसताना पाहणं हा विलक्षण अनुभव आहे, कारण एरवी स्वच्छतेची खूण असलेला पांढरा रंग इथे सांगतो की या पाण्यात श्वास घ्यायला काहीच उरलेलं नाही.

पुंजी मोजली, आता कर्ज मोजायचं. सांडपाण्यात अन्न, विष्ठा, साबण, रक्त, तेल असं बरंच काही असतं. जिवाणू ते खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. किती वापरतील, याचा आकडा म्हणजे बीओडी, जैविक प्राणवायूची मागणी. शहराच्या कच्च्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला २०० मिलिग्रॅम धरला, तर असं एक लिटर पाणी २५ लिटर स्वच्छ पाण्याचा सगळा प्राणवायू फस्त करू शकतं. म्हणून प्रयोगशाळेत नमुना आधी भरपूर पातळ करावा लागतो, नाहीतर जिवाणू काही तासांतच बाटलीतला प्राणवायू संपवतील आणि मोजायला काही उरणार नाही. मग बाटल्या अंधारात ठेवायच्या, म्हणजे शेवाळ उजेडात नवा प्राणवायू तयार करणार नाही. भारतीय प्रमाणपद्धत सांगते: तीन दिवस, २७ अंश. चौथ्या दिवशी पुन्हा विंकलरची चाचणी. सुरुवातीच्या प्राणवायूतून उरलेला वजा केला आणि नमुना किती पट पातळ केला होता त्याचा हिशेब धरला की नदीवरचं कर्ज समोर येतं.

तीनच दिवस का? याची मुळं इंग्लंडात आहेत. तिथल्या नद्या कारखान्यांनी आणि शहरांनी काळवंडल्यावर १८९८ मध्ये सांडपाण्याच्या विल्हेवाटीवर एक शाही आयोग नेमला गेला. त्याने १९१२ च्या आठव्या अहवालात पाच दिवसांची चाचणी सुचवली, तीही तिथल्या थंड हवेला साजेशा तापमानाची, सुमारे १८ अंशांची. पुढे जगभर पाच दिवस आणि २० अंश रूढ झालं. पण जिवाणूंचं जेवण उबेत भरभर चालतं. थंड देशात पाच दिवसांत जेवढं खाऊन होतं, साधारण तेवढंच आपल्या हवेत तीन दिवसांत होतं. मुंबईच्या उकाड्याने जिवाणूंचा वेग वाढला आणि कायद्याच्या घड्याळातले दोन दिवस कमी झाले.

त्या आयोगाच्या शिफारशीत एक अट होती. मिठीच्या दुखण्यात नेमकं कुठे पाणी मुरतंय, ते ही अट उघड करते. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला २० मिलिग्रॅम चालेल असं आयोगाने म्हटलं खरं, पण ते पाणी ज्या नदीत सोडायचं तिच्यात निदान आठ पट स्वच्छ पाणी असलं पाहिजे, हे गृहीत धरून. आता साकीनाक्याचा हिशेब मांडू. बापट नाला आणि सफेद पूल नाला हे दोन नाले मिळून दिवसाला १६ कोटी ८० लाख लिटर सांडपाणी मिठीकडे आणतात, असा महापालिकेचा अंदाज आहे. म्हणजे दर सेकंदाला १९०० लिटरहून जास्त. त्याच्या आठ पट स्वच्छ पाणी म्हणजे रोजचं १३४ कोटी ४० लाख लिटर. ते कुठून आणायचं? काठोकाठ भरलेला विहार तलाव २,७६९ कोटी ८० लाख लिटरचा. तो पूर्ण मिठीत ओतला, तरी तीन आठवड्यांच्या आत कोरडा पडेल. फक्त दोन नाल्यांसाठी! शिवाय विहारचं धरण १८६० च्या सुमारास बांधून झालं ते मुंबईला प्यायला पाणी देण्यासाठी. तेव्हापासून नदीचं उगमाचं पाणी धरणामागे अडलेलं आहे. पावसाळ्यात तलाव भरून वाहू लागला की मिठीला चार घोट मिळतात. उन्हाळ्यात तिच्या पात्रात जे वाहतं ते बहुतांशी आपणच सोडलेलं असतं. ज्या नदीकडे स्वतःचं पाणीच नाही, तिच्यात सोडायचं पाणी आधीच स्वच्छ असावं लागतं. केंद्र सरकारने २०१७ मध्ये महानगरांतल्या मलजल प्रक्रिया केंद्रांसाठी बीओडीची मर्यादा २० ठरवली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ती १० वर आणायला सांगितलं, त्यामागची निकड अशा नद्या पाहिल्या की पटते.

आकडा कळला, पण तो पाळायला लावणार कोण? या बाबतीत महाराष्ट्राने वेळेआधी पाऊल टाकलं होतं, आणि त्याचा अभिमान वाटायला हवा. जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा आला १९७४ मध्ये, पण महाराष्ट्राने आपला स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला आणि त्याखाली ७ सप्टेंबर १९७० ला राज्याचं मंडळ स्थापन झालं. पर्यावरणावरची पहिली मोठी जागतिक परिषद स्टॉकहोमला भरली तीही त्यानंतर, १९७२ मध्ये. पाणी हा राज्यांचा विषय असल्याने केंद्रीय कायदा राज्याने ठरावाने स्वीकारावा लागतो. महाराष्ट्राने तो १ जून १९८१ ला स्वीकारला. आज मंडळाचं मुख्यालय सायनला आहे, मध्यवर्ती प्रयोगशाळा नवी मुंबईत महापेला.

मंडळाच्या हातातलं मुख्य हत्यार म्हणजे संमतीपत्र. गाळेवाल्यांच्या बोलीत ‘कन्सेंट’. सांडपाणी बाहेर सोडणाऱ्या उद्योगाने उभारणीआधी एक संमती घ्यायची, चालू करण्याआधी दुसरी. किती पाणी, कुठे, कोणत्या प्रतीचं सोडायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. उद्योग किती प्रदूषणकारी, त्यावर लाल, नारंगी, हिरवा अशा श्रेण्या ठरतात. क्षेत्र अधिकाऱ्याला आत जाऊन तपासणी करता येते, नमुना घेता येतो. नमुना घेण्याची रीत केंद्रीय कायद्याच्या २१ व्या कलमाने फार जपून आखली आहे. ज्याच्या जागेतून पाणी घ्यायचं त्याला आधी नोटीस, मग त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग, दोन्ही सीलबंद, दोन्हींवर दोघांच्या सह्या. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेत. त्या माणसाने मागणी केली तर दुसरा भाग वेगळ्या, शासनमान्य प्रयोगशाळेत. यातली एक पायरी चुकली तरी तो अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहत नाही. सरकारच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, बाटली पुन्हा तपासा, हा हक्क ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही आहे. आणि दोष ठरला तर? १९८८ च्या दुरुस्तीने आलेल्या ३३-अ कलमाखाली मंडळ कारखाना बंद करू शकतं, वीज आणि पाणी तोडायला लावू शकतं.

नियम पाळणं एखाद्या गाळ्यात प्रत्यक्ष कसं दिसतं, तेही पाहण्यासारखं आहे. क्रोम प्लेटिंगच्या धुण्याच्या पाण्यात सहा संयुजेचं क्रोमियम असतं. पिवळं-नारंगी, पाण्यात सहज विरघळणारं, कर्करोगाला कारण होणारं. त्याची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. पाणी आधी आम्लयुक्त करून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घातलं की थोड्या वेळात नारंगी रंग जाऊन हिरवट होतो: सहाचं क्रोमियम तीनचं झालं. मग चुना. हिरवा साका तळाशी बसतो, वरचं पाणी निवळतं, आणि तळाचा गाळ घातक कचरा म्हणून रीतसर विल्हेवाटीला जातो. एका बादलीतही करून दाखवता येईल इतकी ही गोष्ट सोपी आहे. नदीला विषापासून वाचवणारं रसायनशास्त्र दूरच्या संशोधन संस्थांत अडकलेलं नाही. मेटाबायसल्फाइटची गोणी आणि चुना बाजारात मिळतो. हवी असते ती करून घेणारी शिस्त.

एवढा पुढारलेला कायदा, एवढी काटेकोर बाटली, मग मिठी अजून अशी का? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यात ३५१ पैकी ५३ महाराष्ट्रातले, आणि पवई ते धारावी ही मिठी पहिल्या, म्हणजे सर्वांत गंभीर गटात. याचं कारण, माझ्या मते, कायद्याच्या बांधणीतच सापडतं. संमती, नमुना, सही, नोटीस या सगळ्याला समोर एक माणूस लागतो, एक पत्ता लागतो, एक पाइप लागतो. नाल्याला यातलं काहीच नसतं. हजार घरांचं न्हाणीघर, शंभर गाळ्यांचं धुणं, गोठ्याचं शेण, रस्त्यावरचं तेल एकदा नाल्यात मिसळलं की बाटली फक्त एवढंच सांगते की कर्ज किती. कर्जदार कोण, ते तिला सांगता येत नाही.

म्हणूनच नाल्याला मालक मिळवून देणं हे मिठीसाठीचं सर्वांत मोठं काम आहे, आणि त्याची सुरुवात झालेली आहे. बापट आणि सफेद पूल नाल्यांचं सांडपाणी नदीत न जाता जमिनीखालून धारावीच्या मलजल केंद्रात न्यायचं, यासाठी महापालिकेने साडेसहा किलोमीटरहून लांब बोगद्याचं काम हाती घेतलं. पवईच्या फिल्टरपाड्याला दिवसाला ८० लाख लिटरच्या केंद्राची योजनाही आखली. बोगद्यातून पाणी केंद्रात पोहोचलं की बेवारस नाल्याला एक पाइप मिळतो, एक पत्ता मिळतो, आणि त्या पाण्यासाठी मंडळाकडून संमती घ्यायची जबाबदारी महापालिकेवर येते. गाळेवाल्याला जी बाटली लागू, तीच शहराच्या महापालिकेलाही लागू. कायद्यापुढे दोघेही सारखेच सांडपाणी सोडणारे.

आणि ही बाटली आपलीही आहे. कायद्याच्या २५ व्या कलमानुसार मंडळाने संमतीच्या अटींची नोंदवही ठेवायची असते, आणि ज्याचा त्या सांडपाण्याशी संबंध आहे किंवा ज्याला त्याची झळ पोहोचते अशा कोणालाही ती पाहता येते. नद्यांच्या पाण्याचे आकडेही मंडळ जाहीर करतं. जरीमरीत राहणाऱ्या, सफेद पुलावरून रोज कामाला जाणाऱ्या माणसाला मिठीची झळ पोहोचते, यात शंका नाही. त्याने दोनच प्रश्न धरून ठेवावेत: माझ्या गल्लीचा नाला कोणत्या केंद्रात जातो, आणि त्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा तीन दिवसांचा, २७ अंशांचा आकडा किती? पहिल्याचं उत्तर महापालिकेने द्यायचं, दुसऱ्याचं मंडळाने तपासायचं. ही उत्तरं साकीनाक्याच्या चहाच्या टपरीवर क्रिकेटच्या स्कोअरइतक्या सहज विचारली जाऊ लागली, तर १९६९ मध्ये या राज्याने सुरू केलेल्या कामाला त्याचा खरा पहारेकरी मिळेल.