इफ्तारची गोळी आणि काचेचे पोट

रमजान आला की चामोर्शीच्या मेडिकल दुकानांत एक प्रश्न हमखास येतो : साखरेची गोळी सहरीला घ्यायची की इफ्तारला? अनेकांच्या पाकिटावर ‘मेटफॉर्मिन एसआर’ लिहिलेले असते. एसआर म्हणजे सावकाश औषध सोडणारी.

किती सावकाश, ते कारखान्यात काचेच्या भांड्यात तपासतात. साधारण ९०० मिलिलिटर द्रव, ३७ अंश सेल्सिअस, त्यात फिरणारे वल्हे; ठरावीक वेळी नमुना काढून किती औषध सुटले ते मोजायचे. पण भांडे म्हणजे पोट नव्हे. त्यात ना खजूर, ना भजी! मेटफॉर्मिन एसआर जेवणासोबत घेतली तर रिकाम्या पोटापेक्षा सुमारे दीडपट औषध रक्तात उतरते. साध्या मेटफॉर्मिनचे उलट, जेवणाने थोडे कमीच. म्हणून भांड्यातला आलेख माणसाच्या रक्तातल्या आलेखाशी ताडून पाहावा लागतो.

ताळा चुकला तर काय होते, हे १९६८च्या सुमारास ऑस्ट्रेलियात दिसले. फिटच्या फेनिटॉइन कॅप्सूलमधला भरणा कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज झाला. औषध तेवढेच, पण रक्तात जास्त उतरले आणि रुग्णांना विषबाधा झाली. भारतात पाण्यात कमी विरघळणाऱ्या औषधांच्या जेनेरिक गोळ्यांसाठी माणसांवरची तुलनात्मक चाचणी २०१७पासून सक्तीची आहे.

काही घरांत मात्र एसआर गोळी कुटून म्हाताऱ्या अम्मींना शरबतातून देतात. कुटली की दिवसभराचे औषध एकदम सुटते. गोळी गिळता येत नसेल, तर पहिल्या रोजाआधीच डॉक्टरांना सांगावे; वेळ आणि मात्रा तेच ठरवतील.