पूर ओसरल्यावरची बातमी

पंचगंगेला पाणी आलं की कोल्हापुरात घरोघर एकच प्रश्न फिरतो : पाणी कुठवर आलंय? राजाराम बंधाऱ्याजवळ पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही पुढे गेलं. पुणे–बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला आणि देशभरच्या वाहिन्यांवर आपलं गाव दिसू लागलं. बोटी, छपरांवर बसलेली माणसं, गळ्यापर्यंत पाण्यात उभी जनावरं. मग पाणी उतरलं आणि ओबी व्हॅन आल्या वाटेनं परत गेल्या.

पुराचं खरं ओझं त्यानंतर सुरू झालं. घराघरांतला चिखल, शिवारात कुजणाऱ्या उसाचा वास, भिजून लगदा झालेली कागदपत्रं आणि पुढच्या पावसाळ्यात आभाळ भरून आलं की उडणारी झोप. या सगळ्याची बातमी करायला जे थोडे लोक मागे राहिले, वर्षानुवर्षं त्याच त्या गावांत जात राहिले, त्यांत संकेत जैन यांचं नाव घ्यावं लागेल. कोल्हापूर जिल्ह्यात राहून काम करणारा हा स्वतंत्र पत्रकार शब्द लिहितो आणि छायाचित्रंही स्वतःच काढतो. हल्लीच्या भाषेत मल्टिमीडिया पत्रकार. २०१९ पासूनच्या त्यांच्या कामाचा मागोवा घेताना मला त्यात आपल्या जिल्ह्याचाच एक दस्तऐवज तयार झालेला दिसतो.

कॅमेऱ्यानं माणसाचं दुखणं सांगावं, ही रीत कोल्हापूरला नवी नाही. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास याच गावात स्वतःच्या हातांनी चित्रपटाचा कॅमेरा घडवला. परदेशातून यंत्र मिळेना, म्हणून कारागिराच्या घरातल्या माणसानं ते इथंच बनवलं. पुढे १९२५ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. देवादिकांच्या कथांचे दिवस होते ते. त्या दिवसांत कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी पडद्यावर आला. छापील शब्दाची परंपराही तितकीच जुनी आणि जोमदार. ग. गो. जाधवांचं ‘पुढारी’ १९३९ मध्ये दैनिक झालं आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या गावोगावच्या बातमीदारांनी एसटीच्या पार्सलनं, फोननं, फॅक्सनं बातम्या पाठवून ही पानं भरली.

पण लिहिणारा वेगळा आणि फोटो काढणारा वेगळा, अशी वाटणी कायम राहिली. बातमीदार चार ओळी आणायचा, छायाचित्रकार एक चौकट आणायचा आणि दोघांची गाठ थेट पानावर पडायची. शिवाय पानाला मर्यादा होती. रेंदाळच्या विणकराला किंवा शिरोळच्या आशा कार्यकर्तीला अख्खं पान कोण देणार?

ही मर्यादा ओलांडणारी जागा डिसेंबर २०१४ मध्ये तयार झाली. पी. साईनाथ यांनी ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ म्हणजे ‘पारी’ सुरू केलं. दुष्काळी जिल्ह्यांमधून फिरून केलेलं त्यांचं लेखन १९९६ मध्ये पुस्तकरूपानं आलं होतं आणि २००७ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. ग्रामीण भारताची रोजची कामं, भाषा, गाणी, अवजारं आणि दुखणी शब्द, छायाचित्र, ध्वनी आणि चित्रफीत या चारही रूपांत जपून ठेवायची आणि ती अनेक भारतीय भाषांत वाचायला द्यायची, असा हा घाट.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर त्याचा सगळ्यात मोठा ठेवा जात्यावरच्या ओव्यांचा. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी गावोगाव फिरून बायांच्या तोंडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या होत्या. २०१७ पासून ‘पारी’नं त्या प्रसिद्ध करायला सुरुवात केली, तेव्हा त्यांची माणसं जुन्या नोंदी घेऊन पुन्हा त्या गावांत गेली. ज्या बाईनं विशी-तिशीत ओवी सांगितली होती, तिच्या सुरकुतलेल्या तोंडून ती परत ऐकली, चित्रित केली. एकदा घेतलेल्या शब्दाकडे इतक्या वर्षांनी परत जाणं मला फार मोलाचं वाटतं. पत्रकारितेत ते फार थोड्यांनी केलं आहे.

जैन यांना ‘पारी’ची फेलोशिप २०१९ मध्ये मिळाली. विषय होता ग्रामीण भागातल्या लोप पावत चाललेल्या कला. इथून त्यांच्या कामाला आकार आला असं मला वाटतं. पुढच्या वर्षांत जिल्ह्यातले एकेक कारागीर त्यांच्या वृत्तांतांतून समोर येत गेले. हातकणंगले तालुक्यातलं रेंदाळ हे त्यातलं एक गाव. तिथले हातमागावरचे उरलेसुरले विणकर त्यांनी टिपले आणि लाकडाचे माग घडवणाऱ्या सुताराचीही गोष्ट सांगितली.

रेंदाळपासून इचलकरंजी जवळच. तिथं १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसला आणि पुढे अख्खं शहरच यंत्रमागाचं झालं. त्या खडखडाटात आजूबाजूच्या गावांतले हातमाग एकेक करत थांबले. मग धोटा, फणी, पावडी हे शब्दही घरातून निघून जातात, कारण वस्तूच उरत नाही. माग गेला की सुताराची विद्या जाते, ताणा लावणाऱ्या बाईचा रोजगार जातो आणि लाकडावर पायाच्या ठेक्यानं उमटणारा तो आवाजही जातो.

अशा ठिकाणी एका वहीनं भागत नाही. माग चालू असताना विणकराचं बोलणं ऐकू येत नाही आणि बोलायला माग थांबवला तर हातांचं काम दिसत नाही. म्हणून एकदा बसून नुसतं पाहायचं, एकदा हात टिपायचे, एकदा आवाज घ्यायचा आणि मग सगळं बंद करून, पंखासुद्धा बंद करून, माणसाचं ऐकायचं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की मल्टिमीडिया म्हणजे वेग : मोबाइल काढला, शूट केलं, पाठवून दिलं. मन लावून केलेल्या कामाचा अनुभव उलटा आहे. साधनं वाढली की फेऱ्या वाढतात. आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला माणूस जे सांगतो, ते पहिल्या दिवशी कधीच सांगत नाही.

करवीर तालुक्यातल्या केर्ल्यातल्या इरल्याच्या गोष्टीतही हेच मोल आहे. बांबूच्या कामट्या विणून केलेलं इरलं पाठीवर घेतलं की वाकून रोपलावण करताना दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाठ कोरडी राहते. प्लास्टिक आलं आणि इरली घडवणारे हात कमी होत गेले. शब्दकोशात ‘इरले’ सापडेल. पण बांबू कसा निवडायचा, कामटी किती पातळ काढायची, कुठं वाकवायची, हे कारागिराच्या बोटांकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. उद्या कुणाला पुन्हा इरलं करावंसं वाटलं, तर ही छायाचित्रं उपयोगी पडतील. दस्तऐवज हा शब्द मी वर वापरला तो याच अर्थानं.

२०२० चा मार्च आला आणि कोरोनामुळे सगळं थांबलं. तालमी ओस पडल्या, जत्रा रद्द झाल्या, बाजार बंद झाले. आशा कार्यकर्त्या तेवढ्या थांबल्या नाहीत. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ही योजना आली. हजार लोकवस्तीमागे साधारण एक आशा, तीही त्याच गावातली. तिला पगार नाही, मोबदला. घरोघरी सर्वेक्षण, ताप मोजणं, विलगीकरणात कोण, बाहेरगावाहून आलं कोण, याच्या नोंदी, आणि त्याबरोबर गरोदर बायांची नेहमीची यादी आणि बाळांचं लसीकरण. जैन यांनी या बायांवर सातत्यानं लिहिलं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा अनेकांनी त्यांच्याकडे पहिल्यांदा पाहिलं. कोल्हापूरच्या आशांच्या पायपिटीची नोंद मात्र आधीपासून होत होती.

महामारी सुरू असतानाच, जुलै २०२१ मध्ये, पंचगंगा पुन्हा पात्राबाहेर पडली आणि पातळी पुन्हा ५५ फुटांच्या पुढे गेली. दोन वर्षांत दुसऱ्यांदा. शिरोळ तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्या. तिथल्या लोकांनी २०१९ च्या चिखलातून नुकतंच घर उभं केलं होतं, ते परत पाण्यात गेलं. पंचनामा घराच्या भिंतीचा होतो, पिकाचा होतो, जनावराचा होतो. मनाचा पंचनामा करायला कुणी तलाठी येत नाही. कृष्णाकाठच्या अर्जुनवाडसारख्या गावांतल्या बायांशी बोलून जैन यांनी हाच न झालेला पंचनामा मांडला. पाऊस लागून राहिला की छातीत होणारी धडधड आणि पाणी येईल म्हणून जागून काढलेल्या रात्री, आणि गावाला धीर देणारी आशाताई स्वतःही पूरग्रस्तच असते ही गोष्ट. हे सगळं ऑगस्टमध्ये कळत नाही. नोव्हेंबरात, पुढच्या मे महिन्यात, पुन्हा त्याच दारात जाऊन बसलं तरच कळतं.

२०२२ मध्ये त्यांना ‘पारी’ची सीनियर फेलोशिप मिळाली. त्याआधीपासूनच त्यांचे वृत्तांत अमेरिकेतल्या ‘द प्रोग्रेसिव्ह’, ‘द बॅफलर’ यांसारख्या नियतकालिकांत येत होते आणि पुढे हवामानबदलावर वाहिलेल्या ‘येल क्लायमेट कनेक्शन्स’मध्येही आले. आशियाची बातमी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बीजिंग, काबूल, ढाका अशी नावं येतात आणि विमानातून उतरणारा बातमीदार येतो. ती बातमी हवीच. पण २०२२ मध्ये पाकिस्तानात आलेल्या महापुराचा तडाखा सव्वातीन कोटींहून अधिक लोकांना बसला आणि सतराशेच्या वर माणसं दगावली. सिंधमधली जी बाई बंधाऱ्यावर तंबूत बाळंत झाली असेल, तिचं दुखणं शिरोळच्या बाईला समजावून सांगावं लागणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात इजिप्तमधल्या शर्म अल-शेख इथल्या हवामान परिषदेत गरीब देशांच्या हानीसाठी निधी उभारायचं ठरलं. हानी म्हणजे नेमकं काय, हे त्या टेबलापर्यंत पोहोचतं ते अर्जुनवाडसारख्या गावात बसून कुणीतरी लिहिलेल्या वृत्तांतामुळे. ब्रह्मपुत्रेच्या चरांवर, सिंधूच्या काठी, मेकाँगच्या मुखाशी असे स्थानिक पत्रकार असतील, तेव्हाच आशियाचं चित्र पुरं होईल. कोल्हापूरचा तुकडा आपल्यातल्या माणसानं भरला, याचा मला अभिमान वाटतो.

या प्रवासातली एक गोष्ट मला विशेष भावते. कृष्णाकाठची बाई बोलते ती तिच्या बोलीत. तो वृत्तांत इंग्रजीत लिहिला जातो आणि मग अनुवादातून मराठीत परत येतो. ‘पारी’च्या मराठी अनुवादाची धुरा मेधा काळे यांनी अनेक वर्षं सांभाळली आहे. या फेऱ्यात बोलीचा ठसका काही प्रमाणात गळतो, हे खरं. तिथं ध्वनी आणि चित्रफीत कामी येते, कारण त्यात बाई स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या हेलात बोलत राहते. आणि छापून आलेली गोष्ट तिला तिच्या भाषेत वाचता आली, तिच्या नातीला मोबाइलवर दाखवता आली, तर पत्रकारानं जे नेलं ते परत आणून दिलं, असं म्हणता येतं. पत्रकारितेची नीतिमत्ता म्हणतात ती माझ्या लेखी इथं सुरू होते.

अशा कामाला वेळ लागतो, पेट्रोल लागतं आणि महिनाअखेरीस पगाराची खात्री नसते. फेलोशिप ठरावीक काळाची असते, मानधन वृत्तांत छापून आल्यावर मिळतं. आज जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्यात हातात मोबाइल आणि कॉलर माइक असलेली पोरं-पोरी बातमी करताहेत. त्यांच्याकडे नजर आहे, भाषा आहे, माणसं ओळखीची आहेत. कमी पडतो तो वेळ, कारण दिवसाला पाच व्हिडिओ द्यायचे असतात. एका गोष्टीसाठी महिनाभर राबण्याची मुभा आणि त्या महिन्याचा मोबदला त्यांना मिळाला, तर शाहूवाडीच्या वाड्यांपासून चंदगडच्या जंगलापर्यंत कितीतरी दारं उघडतील. शिवाजी विद्यापीठात पत्रकारिता शिकवली जाते, इथं वृत्तपत्रं आहेत, सहकारी संस्था आहेत. आपल्याच जिल्ह्यातून अशी एखादी फेलोशिप उभी राहावी, असं मला मनापासून वाटतं.

पूररेषेतल्या गावांत घरांच्या भिंतीवर खुणा दिसतात. कुणी ऑइलपेंटनं, कुणी विटेच्या तुकड्यानं ओढलेल्या : २००५, २०१९, २०२१. पाहुणा आला की घरची म्हातारी आधी त्या रेघा दाखवते आणि मग पाणी विचारते. कोणत्या रेघेच्या वेळी काय गेलं आणि काय वाचलं, हे तिला तोंडपाठ असतं. ते ऐकायला मात्र पाऊस नसताना यावं लागतं.