‘सापडले नाही’, पण कोणत्या कप्प्यात?

भिलाईच्या पोलाद कारखान्यात पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली आणि आठवी, ‘महामाया’, 2018 साली. जिथे यंत्रांच्या इतक्या पिढ्या एका आवारात उभ्या राहतात, तिथे संगणकही क्वचितच एका वयाचे असतात. त्या सगळ्यांवर एकच स्क्रिप्ट चालवून सेटिंग्ज वाचणे गेल्या 20 वर्षांत कठीण होत गेले. त्याचा दोष प्रोसेसर बदलण्याला दिला जातो. माझ्या मते खरा घोटाळा झाला तो हा बदल झाकून ठेवल्यामुळे.

तुलनेला पुण्याच्या सी-डॅकची ‘परम’ महासंगणकांची मालिका घ्यावी. 1991 चा परम 8000 ट्रान्सप्युटरवर चालला, 1998 चा परम 10000 सनच्या अल्ट्रास्पार्कवर, तर पुढचा परम पद्म आयबीएमच्या पॉवर4 वर. प्रोसेसरची माहिती काढायला सनच्या सोलारिस प्रणालीवर एक आज्ञा, आयबीएमच्या एआयएक्सवर दुसरी. त्यामुळे अशा यंत्रांसाठीच्या स्क्रिप्टला आधी ‘यूनेम’ने यंत्राची ओळख विचारून मग वाट धरावी लागे. काम किचकट, पण चूक झालीच तर ‘अशी आज्ञा नाही’ असे तिथल्या तिथे कळे.

2005 साली विंडोज एक्सपीची एक्स64, म्हणजे इंटेल-एएमडीसाठीची 64 बिट आवृत्ती बाजारात आली तेव्हा उलटे घडले. 32 बिट प्रोग्रॅमने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, ‘सॉफ्टवेअर’ हा कप्पा मागितला की प्रणाली त्याला न सांगता ‘वाव6432नोड’ या दुसऱ्याच कप्प्याकडे वळवते. नावेही फसवी: ‘सिस्टीम32’ फोल्डरमध्ये 64 बिट फायली आणि ‘सिसवाव64’मध्ये 32 बिट. यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या जुन्या 32 बिट एजंट प्रोग्रॅमने सुरू केलेली स्क्रिप्टही 32 बिटच धावते, आणि व्यवस्थित चालू असलेल्या 64 बिट प्रोग्रॅमची नोंद शोधली तर ‘सापडले नाही’ म्हणते. लिहिताना तर जास्त घात होतो. नोंद होते, त्रुटी येत नाही, आणि ज्याच्यासाठी लिहिली तो प्रोग्रॅम ती कधी वाचतच नाही.

यावर आक्षेप येतो की ही वळवणूक नसती तर जुने प्रोग्रॅम कोलमडले असते. ते खरेच आहे. 64 बिट प्रोसेसला 32 बिट डीएलएल उघडता येत नाही, तेव्हा दोघांच्या नोंदी वेगळ्या हव्यातच. माझी तक्रार वेगळ्या कप्प्यांबद्दल नाही, विचारणाऱ्याच्या वतीने गुपचूप कप्पा निवडण्याबद्दल आहे. जुन्या प्रोग्रॅमला ती सोय लागते. सगळ्या यंत्राची पाहणी करणाऱ्या स्क्रिप्टला ती आंधळे करते. उपायही उपलब्ध झाले: ‘रेग’ आज्ञेला 32 की 64 हे सांगता येते, आणि 2010 च्या डॉटनेट 4 मध्ये कोणता कप्पा हवा ते नाव घेऊन मागता येते. तरी ते न वापरलेल्या स्क्रिप्ट आजही सर्रास लिहिल्या जातात, कारण लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या 64 बिट खिडकीत त्या बरोबर चालतात.

दुसरे म्हणणे असे की 32 बिटचा जमाना सरला, विंडोज 11 ची तर 32 बिट आवृत्तीच नाही. पण 32 बिट प्रोग्रॅम तिच्यावर चालतातच, आणि आता एआरएम प्रोसेसरवर इंटेल-एएमडीसाठीचे 64 बिट प्रोग्रॅमही चालवले जातात. अशा प्रोग्रॅमने ‘प्रोसेसर कोणता?’ म्हणून नेहमीचे पर्यावरण-चल वाचले, तर एआरएम यंत्रावरही उत्तर येते ‘एएमडी64’.