लघवीची नळी घेऊन घरी आल्यावर



या पावसाळ्यात माझ्यावर प्रोस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयातून सुट्टी मिळाली तेव्हा लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, लावलेलीच होती. ती आणखी ९ दिवस राहिली. आपल्या भेटी व प्रार्थनांबद्दल मनापासून आभार. पाड्यांवर काम करताना नळी घेऊन परतलेले आजारी मला अनेकदा भेटले आहेत. लाजेमुळे याविषयी कोणी बोलत नाही, आणि न बोलल्याने साधा आजार जिवावर बेतू शकतो. म्हणून हे लिहीत आहे.

नळीचे टोक मूत्राशयात असते. तिथे एक लहान फुगा असून त्यात पाणी भरलेले असते, त्यामुळे नळी निसटत नाही. म्हणूनच ती कधीही ओढून काढू नये. मूत्रमार्गाला मोठी इजा होते. नर्स आधी सिरिंजने फुग्यातले पाणी काढतात, मग नळी सहज निघते. नळी असूनही लघवीला लागल्यासारखे वाटते, मधूनच ओटीपोटात कळ येते. मलाही असे होई. अशा वेळी कुंथू नये, शांत पडून राहावे.

पिशवी नेहमी मूत्राशयापेक्षा खाली ठेवावी. ती वर गेली तर लघवी उलट वाहते आणि जंतू आत जातात. पुष्कळजण लोकांना दिसू नये म्हणून पिशवी सदऱ्याखाली पोटाशी धरतात, ते टाळावे. जमिनीवर अंथरूण घालणाऱ्यांची अडचण वेगळी असते, पिशवी खाली सोडायला जागाच नसते. त्यांना नळी निघेपर्यंत कोणाची तरी बाज मिळवून द्यावी. पिशवी जमिनीला टेकू देऊ नये. जीपमधून जातानाही ती मांडीवर न घेता गुडघ्याखाली धरावी. नळीला पीळ पडला नाही ना, हे पाहत राहावे.

पिशवी सारखी भरते म्हणून काहीजण पाणी पिणे कमी करतात. त्याने लघवी दाट होते व नळी तुंबू शकते. डॉक्टरांनी हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे मनाई केली नसेल, तर दिवसभरात २ ते २.५ लिटर पाणी प्यावे. पिशवी पूर्ण भरण्याआधीच रिकामी करावी. आधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. खालची तोटी उघडावी, वरचा जोड सोडू नये. नळीभोवतीची जागा रोज साबण-पाण्याने धुवावी.

प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस लघवी गुलाबीसर दिसू शकते. परंतु लाल रक्त किंवा गाठी येणे, थंडी वाजून ताप भरणे, किंवा पिशवीत काहीच न येता ओटीपोट फुगून दुखणे, यांपैकी काही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. नळी काढल्यावर थोडे दिवस जळजळ होते, थेंब गळतात. लघवीच झाली नाही तर त्याच दिवशी परत जावे.

आपण अशा आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा चारचौघांत नळीची विचारपूस करू नका. तांब्याभर पाणी द्या, घरच्यांना नळी काढण्याची तारीख विचारा, आणि त्या दिवशी गाडीभाड्याची व सोबतीची सोय आहे का ते पाहा. पाड्यावरून तालुक्याला जाणे जमले नाही, म्हणूनच कित्येकदा ती तारीख टळते.