माल विकतात की माणसे जोडतात? साखळी कंपनीची पारख

उसाची बिले बँकेत जमा झाली की माळशिरस तालुक्याच्या बाजारपेठेत पैसा खेळू लागतो. अकलूज, नातेपुते, वेळापूर, माळशिरस येथील कापड, किराणा, भांडी, बांगड्या आणि फळांच्या व्यापाऱ्यांची थकलेली उधारी याच दिवसांत वसूल होते. हातात चार पैसे असतात तेव्हाच आणखी एक पाहुणा दुकानात येतो. तो अनोळखी नसतो. कोणाचा साडू असतो, कोणाचा मामेभाऊ, कोणाचा शाळासोबती. "भाईजान, दुकान चालू द्या. तुम्ही फक्त दोन माणसे जोडा, पुढचे कंपनी बघते," असे तो सांगतो आणि रविवारच्या सेमिनारचे आमंत्रण देऊन जातो.

अशा वेळी वाचक आम्हाला विचारतात, "ही कंपनी खरी की खोटी?" आमच्या मते हा प्रश्न उपयोगाचा नाही. कंपनी नोंदलेली असू शकते. तिचे पॅन कार्ड, जीएसटी क्रमांक, आयएसओचे प्रमाणपत्र सगळे अस्सल असू शकते. पण जीएसटी क्रमांक कर भरण्यासाठी असतो, धंदा सचोटीचा आहे याची ग्वाही तो देत नाही. विचारायचे ते एवढेच की सभासदाला मिळणारा पैसा कोणाच्या खिशातून येतो? माल वापरणाऱ्या गिऱ्हाइकाच्या, की नव्याने भरती होणाऱ्या सभासदाच्या? या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले की बाकीचे आपोआप कळते.

थेट विक्री गुन्हा नाही

दारोदार माल विकणे हा आपल्याकडचा जुना धंदा आहे. मणेर बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरत, आतार अत्तर-सुरमा विकत. आज कंपनीचा माल असाच घरोघर विकून कोणी कमिशन मिळवत असेल, त्याने तयार केलेल्या विक्रेत्यांच्या विक्रीवरही त्याला थोडा वाटा मिळत असेल, तर कायद्याची त्याला हरकत नाही. केंद्र सरकारने २८ डिसेंबर २०२१ रोजी थेट विक्रीचे नियम लागू केले, ते या धंद्याला शिस्त लावण्यासाठीच. त्याच नियमांनी पिरॅमिड योजनेला मात्र सरळ बंदी केली आहे. नुसती माणसे जोडल्याबद्दल लाभ मिळत असेल, तर ती पिरॅमिड योजना होय. त्यात साबण असो, चूर्ण असो की घड्याळ, तो माल केवळ पांघरूण असतो.

माळशिरसचा हिशेब

व्यापाऱ्याला हिशेब पटतो, म्हणून हिशेबच मांडू. उदाहरणादाखल एक योजना धरा. प्रवेशाचा संच ६,००० रुपयांचा. प्रत्येकाने डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन सभासद जोडायचे. आपल्या खाली डाव्या-उजव्या बाजूची एक जोडी झाली की १,००० रुपये कमिशन. कंपनीवाले याला 'बायनरी' म्हणतात.

माळशिरस गावात एकाने सुरुवात केली आणि प्रत्येक नव्या सभासदाने महिन्याभरात दोघे जोडले, कोणीही मागे राहिला नाही, असे समजू. पहिल्या महिन्यात २ नवे सभासद, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात ८. दहाव्या महिन्यात १,०२४. इथवर सगळे खुशीत असतात. अठराव्या महिन्यात मात्र २,६२,१४४ नवे सभासद लागतात आणि एकूण आकडा ५,२४,२८७ होतो. आपल्या तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत, पाळण्यातली मुले धरून, पाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे दीड वर्षात तालुका संपला. मग पंढरपूर, सांगोला, करमाळा गाठायचे. पण सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या त्या जनगणनेत ४३ लाख १७ हजार होती. बाविसाव्या महिन्यात जिल्हाही अपुरा पडतो.

आता यात कमावले कोणी ते पाहा. साखळी पूर्ण भरलेली असतानाही शेवटच्या ओळीतल्या सभासदांच्या खाली कोणीच नसते, आणि ही ओळ म्हणजे एकूण सभासदांपैकी निम्मी माणसे. त्यांची कमाई शून्य. त्यांच्या वरची ओळ पाव हिश्शाची, तिथे प्रत्येकाच्या खाली दोघे, म्हणजे एक जोडी आणि १,००० रुपये. त्याच्याही वरच्या ओळीत प्रत्येकाच्या खाली सहा माणसे, तीन जोड्या आणि ३,००० रुपये. सहा हजार घालून तीन हजार आले. आठ सभासदांपैकी सात जणांचे भांडवलसुद्धा निघाले नाही! हे कोणाच्या आळसामुळे घडत नाही, योजनेच्या रचनेतच ते आहे. सेमिनारमधला वक्ता म्हणतो, "जो मेहनत करील तो वर जाईल." सगळ्यांनी सारखीच मेहनत केली तरी आठातले सात खालीच राहतात, हे तो सांगत नाही.

याच हिशेबात आणखी एक गोम आहे. अठराव्या महिन्यापर्यंत ठरल्याप्रमाणे सगळे कमिशन द्यायचे तर कंपनीला सरासरी माणशी ८,५०० रुपये वाटावे लागतील, आणि तिने गोळा केले आहेत माणशी ६,०००! म्हणूनच अशा योजनांच्या कागदावर बारीक अक्षरात 'कॅपिंग' नावाची अट असते. आठवड्याला अमुक रकमेच्या वर कमिशन मिळणार नाही, असे त्यात लिहिलेले असते. फलकावर कमाईला मर्यादा नाही म्हणायचे आणि कागदावर मर्यादा घालायची, असा हा मामला आहे.

दुकानदाराच्या पाच कसोट्या

सेमिनारमध्ये टाळ्या वाजवण्याऐवजी घाऊक व्यापाऱ्याला जे विचारतो तेच इथे विचारावे.

पहिली कसोटी, गिऱ्हाईक कोण? सभासद नसलेला आणि होण्याची इच्छाही नसलेला माणूस हा माल घेतो का? गावातली अशी दहा घरे दाखवा म्हणावे. माल घेणारे सगळे सभासदच असतील, तर तो बाजार नव्हे.

दुसरी, भाव काय? तोच माल, तेवढेच वजन, तोच दर्जा अकलूजच्या पेठेत कितीला मिळतो? बाजारात चारशेची वस्तू इथे चौदाशेला असेल, तर वरचे हजार रुपये कमिशनच्या साखळीत वाटले जातात हे उघड आहे.

तिसरी, आत जायला पैसे का? थेट विक्रीच्या सरकारी नियमांनुसार प्रवेश फी घेता येत नाही. म्हणून फीचे नाव बदलून 'किट', 'ट्रेनिंग', 'ॲक्टिव्हेशन' असे शब्द वापरले जातात. दरमहा ठरावीक खरेदी केली नाही तर कमिशन बंद, अशी अट असेल तर तीही फीच समजावी.

चौथी, माल परत घेतात का? न खपलेला माल किती दिवसांत, किती कपात करून परत घेणार, हे करारात लिहिलेले हवे. करार करून मागे फिरण्याची ठरावीक मुदतही त्यात हवी. तोंडी हमीला अर्थ नाही.

पाचवी, कमाई कशावर? कमिशनचा तक्ता घरी आणून शांतपणे वाचावा. नवी भरती आजपासून थांबली आणि फक्त माल विकला गेला, तर महिन्याला किती मिळेल, तो आकडा काढावा. तो शून्याजवळ येत असेल तर निर्णय सोपा आहे.

या कसोट्या आमच्या मनच्या नाहीत. अमेरिकेत १९७९ साली ॲमवे कंपनीच्या प्रकरणात तेथील व्यापार आयोगाने ती कंपनी पिरॅमिड नसल्याचा निर्णय दिला. तेव्हा तिचे तीन नियम विचारात घेतले गेले. आधी घेतलेल्या मालापैकी ७० टक्के खपल्याशिवाय नवी खरेदी नको, महिन्याला किमान दहा गिऱ्हाइकांना विक्री हवी आणि न खपलेला माल परत घेतला पाहिजे. तरी याच कंपनीच्या भारतातील योजनेविरुद्ध आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००७ मध्ये मत दिले, आणि २०२२ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने पिरॅमिडचा आरोप ठेवून तिची ७५७ कोटींहून अधिक मालमत्ता गोठवली. कंपनीने आरोप नाकारले. नाव मोठे असले म्हणून पारख सोडू नये, एवढाच याचा बोध.

महाराष्ट्राचा अनुभव

'स्पीक एशिया' ही सिंगापूरची म्हणवणारी कंपनी २०१०-११ मध्ये गावोगाव पोचली. वर्षाला ११,००० रुपये भरायचे, आठवड्याला दोन सर्वेक्षणे संगणकावर भरायची आणि १,००० रुपये मिळवायचे. म्हणजे अकरा हजारांवर वर्षाला बावन्न हजार. नवा सभासद आणला की वेगळा बोनस. ही सर्वेक्षणे विकत कोण घेतो, हा साधा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. मे २०११ मध्ये वृत्तवाहिन्यांनी तो विचारला आणि डोलारा कोसळू लागला. पुढे मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास हाती घेतला.

'क्यूनेट'चे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे, कारण तिथे माल होता. काचेची 'बायोडिस्क', 'ची पेंडंट', घड्याळे, सहलींची पॅकेजेस असा तो माल. विक्री बायनरी पद्धतीने. मुंबईत २०१३ साली गुन्हा दाखल झाला तो फसवणूक, ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा राज्य कायदा आणि साखळी योजनांवर बंदी घालणारा १९७८ चा केंद्रीय कायदा या तिन्हींखाली. कंपनीने आपण कायदेशीर थेट विक्री करतो असे सांगून आरोप नाकारले आणि प्रकरण वरच्या न्यायालयांपर्यंत गेले. कोर्टाचे काम कोर्ट करील. व्यापाऱ्याने स्वतःला एवढेच विचारावे, पुढे दोन माणसे जोडण्याचे आमिष नसते तर काचेच्या चकतीला आपण हजारो रुपये मोजले असते का?

'हलाल' ही पाटी

आपल्या समाजात आणखी एक युक्ती चालते. सूद नको असलेल्या माणसाला 'हलाल नफा' हा शब्द दाखवला जातो. हैदराबादच्या 'हिरा' समूहाने वर्षाला सुमारे ३६ टक्के परतावा नफ्यातील भागीदारी म्हणून देऊ केला, २०१८ मध्ये त्याच्या प्रमुखांना अटक झाली. बंगळूरच्या 'आयएमए'चे दरवाजे जून २०१९ मध्ये बंद झाले. दोन्हीकडे अडकलेल्यांत मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने होती. या योजना साखळीच्या नव्हत्या, ठेवींच्या होत्या. पण जुन्याला देण्यासाठी नव्याचा पैसा लागला की दोन्हींची गत एकच होते.

शरीअतच्या जाणकारांनीही या विषयावर मत दिले आहे. सौदी अरेबियाच्या फतवा समितीने हिजरी १४२५ मध्ये म्हटले की अशा साखळीत माल हे निमित्त असून खरा उद्देश कमिशन असतो, म्हणून त्यात जुगार आणि धोका दोन्ही येतात. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २००९ मध्ये थेट विक्रीला परवानगी दिली ती अटींवर. माल खरा हवा, भाव अवाजवी नको, नुसत्या भरतीवर कमाई नको. दुकानदाराची कसोटी, कायद्याची कसोटी आणि शरीअतची कसोटी इथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात. रसीदीवर 'हलाल' छापून त्यांपैकी एकही पार होत नाही.

जोडणाराही जबाबदार

"कंपनी बुडाली तर आपले काय, आपण तर साधे सभासद," असा समज आहे. तो चुकीचा आहे. १९७८ चा कायदा योजना चालवणाऱ्यालाच नव्हे, तर तिच्यात सभासद होणाऱ्याला आणि भाग घेणाऱ्यालाही मनाई करतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

जे आत गेले आहेत त्यांनी आजपासून एकही नवा माणूस जोडू नये. मुदत शिल्लक असल्यास माल परत घेण्याची मागणी लेखी करावी. पावत्या, बँकेतील नोंदी, मोबाइलवरचे संदेश आणि सेमिनारची पत्रके जपून ठेवावीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दाद मागण्यासाठी सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि फसवणूक उघड असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. एकेकट्याने जाण्यापेक्षा अडकलेल्या सर्वांनी मिळून अर्ज करणे बरे.

गेलेले सहा हजार रुपये व्यापारी एखाद्या हंगामात भरून काढतो. पण त्याच्या शब्दावर ज्यांनी पैसे भरले ते कोण असतात? दुकानातला कारागीर, उधारीवर माल घेणारे नेहमीचे गिऱ्हाईक, बहिणीच्या सासरचे लोक. उद्या ते त्याच्याच दारात येऊन उभे राहतात, कंपनीच्या दारात नव्हे. तालुक्याच्या बाजारात बराच व्यवहार अजून शब्दावर चालतो. फळांचा व्यापारी बाग बोलीवर घेतो, कापडवाला वहीत नाव लिहून माल देतो. ती पत वडिलांनी वीस-तीस वर्षांत कमावलेली असते. म्हणून सही करण्यापूर्वी कमिशनचा तक्ता, बाजारभावाची चिठ्ठी आणि एक पेन्सिल घेऊन अर्धा तास बसावे, आणि मगच काय ते ठरवावे.