खाते हाती, पण कर्ज कोठे?

शहादा तालुक्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. आज मोबाईलवरील बँकांची तुलना करताना अ‍ॅपची सफाई आणि खाते उघडण्याचा वेग पाहिला जातो. सातपुड्यातील पाड्यांची कसोटी निराळी आहे. २०१८ साली देशभर सुरू झालेल्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन आधारला जोडलेल्या अंगठ्याच्या ठशावर दारात रोकड देतो. त्यासाठी खातेदाराकडे अ‍ॅप असावे लागत नाही. ही सोय मोलाची खरी. परंतु पेमेंट्स बँकांना कर्जवाटपाची मुभा नाही. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याला हवे असते ते कर्ज. ते वेळेवर देणारी बँक पाड्यापर्यंत पोहोचत नाही, तोवर त्याची पावले सावकाराकडेच वळणार.